वाचकांचे प्रश्न : वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, आधी आणि नंतर

गेल्या महिन्यात या सदरात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. मी स्वतः शल्यचिकित्सक नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची तयारी करून घेणे आणि नंतर वर्षानुवर्षे त्याची तपासणी करत राहणे हे माझे काम असल्यामुळे उत्तरांचा रोखही त्याच बाजूने आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची शिक्षिका असून सांगली जिल्ह्यात राहते. उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, रात्री फार घोरते आणि गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. शस्त्रक्रिया करण्याचे घरात ठरले आहे. परंतु रुग्णालयाने दोन महिन्यांची तयारी सांगितली आहे. एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, आहारतज्ज्ञांकडे चार भेटी आणि मानसोपचारतज्ज्ञांची एक भेट. दुसऱ्या एका ठिकाणी आठ दिवसांत शस्त्रक्रिया करून देतो म्हणतात. हे सगळे खरोखर आवश्यक आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कशासाठी? आणि विम्याचे पैसे मिळतील का?

उत्तर : तुमचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४३ आहे. भारतीयांना तुलनेने कमी बीएमआयलाही मधुमेह जडतो, म्हणून आपल्याकडे शस्त्रक्रियेची मर्यादा पाश्चात्त्य मर्यादेपेक्षा सुमारे अडीच अंकांनी खाली धरतात. तुम्ही मात्र कोणत्याही मोजमापाने या शस्त्रक्रियेच्या कक्षेत येता, त्यामुळे निर्णय योग्य आहे का ही शंका मनातून काढून टाका. दोन महिन्यांची तयारी सांगणाऱ्या रुग्णालयातच जा, असे मी स्पष्टपणे सांगेन, आणि त्याची कारणे एकेक करून देतो.

पहिले कारण यकृताचे. तुमच्या वजनाच्या मधुमेही व्यक्तीचे यकृत बहुधा चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग जठरावर छपरासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरावा लागतो. मोठे, ठिसूळ यकृत उचलताना रक्तस्राव होऊ शकतो आणि वरच्या कोपऱ्यातील जठर नीट दिसत नाही. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरींचा, पिष्टमय पदार्थ अगदी कमी असलेला आहार घेतला, तर यकृत लक्षणीय आकसते. याच काळात तुमची मधुमेहाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून हा आहार सुरू करण्याच्या दिवशीच गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांकडून कमी करून घ्या. तुम्ही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळी घेत असाल, तर ती शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी बंद करावी लागते. उपाशी शरीरात ती साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठवू शकते आणि ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

दुसरे कारण घोरण्याचे. या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा श्वास झोपेत अधूनमधून अडत असतो आणि त्यातील बहुतेकांना ते ठाऊकही नसते. भूल आणि वेदनाशामके यांच्या गुंगीत तोच श्वास अधिक अडतो. झोपेच्या तपासणीत हे आढळले तर हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र देतात, आणि ते तोंडावर बांधून झोपायची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ते जमत नाही.

एंडोस्कोपीवरून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहण्याच्या तपासणीवरून, शस्त्रक्रिया कोणती करायची हे ठरते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हनंतर छातीतील जळजळ वाढू शकते. त्यामुळे अन्ननलिकेला आधीच सूज असेल किंवा जठराचा भाग छातीत सरकलेला असेल, तर शल्यचिकित्सक बायपासकडे झुकतात. दुसरे असे की बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरात नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही, म्हणून तेथे काही दोष असेल तर तो आधीच पाहून घेणे शहाणपणाचे. जठरात व्रण करू शकणारा हेलिकोबॅक्टर जंतू सापडल्यास दोन आठवड्यांच्या औषधांनी तो घालवता येतो.

तंबाखूविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरीही सर्व भगिनींसाठी लिहितो. सिगारेट ओढता का, असे विचारले की आपल्याकडील बहुतेक स्त्रिया नाही म्हणतात आणि ते खरेही असते. परंतु रोज सकाळी दातांना लावलेली मिश्री ही तंबाखूच आहे. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. निदान सहा आठवडे आधी ती सोडावी आणि नंतर पुन्हा हातात घेऊ नये. मी आता हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारतो.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीचा राग येणे स्वाभाविक आहे. तेथे कोणी तुम्हाला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण करणार नाही. भूक नसताना, एकटे असताना, पोट दुखेपर्यंत खाण्याची सवय आहे का, नैराश्य आहे का, मद्याचे प्रमाण किती, घरात आधार कोणाचा, हे तेथे शांतपणे बोलले जाते. अमेरिकेतील युटा राज्यात बायपास झालेल्या सुमारे आठ हजार लोकांची तुलना तशाच वजनाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांशी करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले, पण अपघात आणि आत्महत्या यांसारखे आजाराव्यतिरिक्तचे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. अनेक वर्षे मनाला सावरणारे खाणे एकदम हातातून जाते, तेव्हा काही जण एकटे पडतात. अशा वेळी कोणाकडे जायचे हे आधीच माहीत असावे, एवढ्यासाठी ती भेट आहे.

आहारतज्ज्ञांच्या चार भेटींना मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि पोट तर चार-सहा घासांत भरणार. वाटीभर शिजलेल्या वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नसते. म्हणजे शाकाहारी, उपवास करणाऱ्या घरात हा हिशेब किती अवघड जातो ते पाहा. ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडे आणि भाकरी सर्वांत शेवटी, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावणे, जेवणासोबत पाणी न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट पिणे, ही सगळी सवय आजच लावायला घ्या. चातुर्मासातील आणि एकादशीचे उपवास कसे करायचे हेही आहारतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा. त्याच भेटींत रक्तातील लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतील, कारण वजन भरपूर असलेल्या शरीरातही या तिन्हींची उणीव अतिशय सामान्य आहे आणि ती शस्त्रक्रियेआधी भरून काढणे सोपे असते.

विम्याबाबत : विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्वरूपाचा झोपेतील श्वासरोध किंवा हृदयविकार, तसेच इतर उपायांनी वजन कमी न झाल्याची नोंद आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला असेल, तर अशी शस्त्रक्रिया वजन घटवण्याच्या उपचारांना विम्यातून वगळणाऱ्या कलमात येत नाही. पॉलिसीचा प्रतीक्षाकाल मात्र तपासून पाहा, आणि जुने आहाराचे कागद व औषधांच्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ८४ किलो; पाळी अनियमित आहे. स्थळे येतात आणि वजनावरून परत जातात. दिवाळीनंतर लग्न व्हावे म्हणून आत्ताच शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे आम्हा दोघांना वाटते. मुलगी काही बोलत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मुलगी काही बोलत नसेल, तर तिच्या वतीने हा निर्णय कोणीही घेऊ नये. जठराचा कापून काढलेला भाग परत मिळत नाही, आणि आयुष्यभर गोळ्या घेणे व तपासण्या करणे तिलाच करायचे आहे. तिने डॉक्टरांशी एकटीने बोलावे आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसावे, ही माझी विनंती आहे.

तिचा बीएमआय ३३ च्या आसपास आहे. या टप्प्यावर मधुमेह किंवा तत्सम चयापचयाचा आजार आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. स्थळ परत गेले हे त्यासाठीचे वैद्यकीय कारण नाही. पाळीची अनियमितता बहुधा पीसीओएसमुळे, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून होणाऱ्या बीजांडकोशाच्या विकारामुळे, असावी, त्यासाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी अनेक मुलींची पाळी मार्गावर येते.

पुढे तिने स्वतः शस्त्रक्रियेचा निर्णय घेतलाच, तर तारखांचा विचार अत्यंत काळजीपूर्वक करावा लागेल. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असे सांगितले जाते, कारण तो झपाट्याने वजन उतरण्याचा काळ असतो आणि बाळाला पोषण अपुरे पडू शकते. गंमत अशी की याच काळात बीजनिर्मिती सुधारते आणि पूर्वी न होणारी गर्भधारणा अचानक होते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तांबी किंवा अन्य साधन योजावे लागते. हे सासरी सांगायचे की नाही, असा प्रश्न पुढे येईल. नवऱ्यापासून लपवून हा काळ निभावता येत नाही, इतकेच मी सांगतो.

प्रश्न : वजन उतरवणारी इंजेक्शने आता भारतातही मिळतात. मग पोट कापून घ्यायचे कशाला?

उत्तर : या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. ही औषधे खरोखर परिणामकारक आहेत आणि अनेकांना शस्त्रक्रियेची गरज त्यांमुळे उरणार नाही. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढला, त्यामुळे महिन्याचा खर्च दीर्घकाळ झेपेल का, याचा विचार पहिल्या इंजेक्शनाच्या आधी करा. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर आजही मी शस्त्रक्रियेचाच पर्याय आधी मांडतो. इंजेक्शन चालू असताना कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. या औषधाने जठर सावकाश रिकामे होते आणि उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते.

प्रश्न : माझ्या यजमानांची सहा वर्षांपूर्वी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन १३१ किलो होते, दीड वर्षात ८८ झाले. आता १०३ आहे. मधुमेहाची गोळी बंद झाली होती, ती पुन्हा सुरू झाली. ते म्हणतात, पैसे वाया गेले, मी हरलो. दवाखान्यात जायला त्यांना लाज वाटते. चार वर्षांपासून जीवनसत्त्वाच्या गोळ्याही बंद आहेत. हल्ली पायांना मुंग्या येतात आणि रात्री छातीत जळजळते.

उत्तर : ताई, हे उत्तर तुम्ही त्यांना वाचून दाखवा. मूळ वजनापेक्षा ते आजही २८ किलोंनी, म्हणजे २१ टक्क्यांनी कमी आहेत. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० जणांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांचेही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेले, नंतर काही वर्षे थोडे थोडे चढले आणि मग स्थिरावले. २० वर्षांनी मूळ वजनापेक्षा सरासरी १८ टक्के घट टिकून होती. त्या काळातील शस्त्रक्रियांचे बहुतेक प्रकार आज कोणी करत नाही, हे लक्षात घेतले तरी वजनाच्या आलेखाचा आकार आजच्या रुग्णांतही तोच दिसतो. त्याच लोकांचे सरासरी आयुर्मान शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या २४० रुग्णांच्या चाचणीत, दहा वर्षांनी स्लीव्हच्या गटात जादा वजनापैकी ४३.५ टक्के आणि बायपासच्या गटात ५१.९ टक्के वजन उतरलेले होते. जादा वजन म्हणजे बीएमआय २५ च्या वरचे. तुमचे यजमान या रांगेत कोठेही मागे नाहीत.

वजन परत चढण्यात इच्छाशक्तीचा दोष पाहणे मला मान्य नाही. वजन उतरले की शरीर भूक वाढवते आणि विश्रांतीच्या वेळी जळणाऱ्या कॅलरी कमी करते. उरलेली नळीही कालांतराने थोडी सैलावते. सोबत खाण्याच्या काही सवयी हळूच शिरतात. एकदम जास्त खाता येत नाही, पण फरसाण, बिस्किटे, गोड चहा, सरबत आणि आइसक्रीम हे पदार्थ दिवसभर थोडे थोडे सहज उतरतात. लग्नाच्या पंगतीतील आग्रह पहिल्या वर्षी सगळे आवरतात, तिसऱ्या वर्षी ‘आता तर बरे आहात की’ म्हणून वाढतात. मद्य घेत असतील तर तेही विचारा, कारण या शस्त्रक्रियेनंतर ते लवकर आणि अधिक चढते व काहींना दुसऱ्या वर्षानंतर त्याचे व्यसन लागते.

मधुमेहाचेही असेच आहे. स्वीडनमधील त्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटलेला होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होते. म्हणून मी ‘मधुमेह बरा होतो’ असे रुग्णांना कधीच सांगत नाही. तो मागे हटतो, आणि ज्यांचा आजार नवा असतो त्यांचा अधिक काळ मागे राहतो. साखर आटोक्यात राहिलेली ती चार-पाच वर्षे डोळे आणि मूत्रपिंडे यांच्या हिशेबी जमा झालेली आहेत. एक गोळी पुन्हा सुरू झाल्याने ती पुसली जात नाहीत.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. पायांच्या मुंग्या बी-१२ च्या उणिवेमुळे असू शकतात. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास नसांचे नुकसान भरून येत नाही, म्हणून या आठवड्यातच बी-१२, हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी करून घ्या. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, हे त्यांना कोणी नीट सांगितले नसेल तर ती आम्हा डॉक्टरांची चूक आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. छातीतील जळजळीसाठी एंडोस्कोपी आवश्यक आहे, कारण फिनलंडच्या त्याच चाचणीत दहा वर्षांनी स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के जणांच्या अन्ननलिकेला सूज आढळली, बायपासच्या गटात ती ७ टक्क्यांना होती. जळजळ औषधांना दाद देत नसेल तर स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करता येते. वजनासाठी औषधे आणि आहार यांचा पुन्हा नव्याने आधार घेता येतो. वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या माझ्या रुग्णांत वजन चढलेले अनेक असतात, आणि त्यांना पाहून मला बरेच वाटते, कारण ते आले आहेत. यजमानांना सोबत घेऊन जा.

प्रश्न : माझ्या बहिणीची पाच आठवड्यांपूर्वी शहरात बायपास शस्त्रक्रिया झाली. बारा दिवसांपासून तिला रोज उलट्या होतात. आमच्या तालुक्याच्या गावी डॉक्टर सलाईन लावतात, एक दिवस बरे वाटते. आता तिला सगळे दोन-दोन दिसते आणि चालताना तोल जातो. शहर सहा तासांवर आहे.

उत्तर : हे पत्र हाती येताच त्यांना दूरध्वनीवरून कळवले आहे. तरीही ते येथे छापत आहे, कारण अशी वेळ इतर कोणावरही येऊ शकते. सतत उलट्या झाल्या की शरीरातील बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. दोन-दोन दिसणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही मेंदूवर त्याचा परिणाम झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आधी थायमिन न देता ग्लुकोजचे सलाईन लावले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि अवस्था अधिक बिघडते. म्हणून तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता थायमिन शिरेतून द्यावे आणि त्यानंतरच ग्लुकोज असलेले सलाईन. हे इंजेक्शन महाग नाही आणि ते तालुक्याच्या ठिकाणीही मिळायला हवे. त्यानंतर रुग्णाला त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या केंद्रात हलवावे, कारण जोड अरुंद झाला आहे का किंवा तेथे व्रण झाला आहे का, हे दुर्बिणीने पाहावे लागते आणि अरुंद जोड फुग्याने रुंद करता येतो.

ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी. तीवर शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आणि ठळक अक्षरांत दोन सूचना असाव्यात : ‘उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायमिन द्या’ आणि ‘डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके देऊ नका’.